बाहेरची एलईडी पट्टी टोकाला मंद पडते, मध्येच बंद होते: दोष कुठून शोधायला सुरुवात करायची

सणासुदीला कठड्यावर, कमानीवर किंवा झाडाभोवती लावलेली एलईडी पट्टी ठरावीक तऱ्हेनेच बिघडते आणि माझ्याकडे येणारी तक्रारही ठरावीकच असते: "पट्टी खराब निघाली." मग नवी पट्टी येते आणि चार दिवसांत तीही तसंच करायला लागते. बहुतेक वेळा पट्टी ठणठणीत असते. बिघाड असतो तो तिच्यापर्यंत वीज नेणाऱ्या वाटेत. अडॅप्टर कमी पडतो, वायर बारीक असते, जॉइंट सैल असतो किंवा त्यात पाणी शिरलेलं असतं. म्हणून नवी पट्टी आणण्याआधी खालच्या क्रमाने तपासा. पहिल्या काही तपासण्यांना पैसा लागत नाही.

इथलं बहुतेक सगळं १२ आणि २४ व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या पट्ट्यांबद्दल आहे. प्लगमधून थेट मेन्सवर, म्हणजे घरच्या मुख्य वीजपुरवठ्यावर चालणारी जाड पट्टी हा वेगळा प्रकार आहे. तिच्याबाबत काय करायचं ते शेवटी सांगितलंय, पण ती घरी उघडून बघायची नाही एवढं आत्ताच लक्षात ठेवा.

लक्षणं

तुमची पट्टी यातलं नेमकं काय करते ते आधी नीट बघा. "चालत नाही" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही.

- सुरुवातीला लख्ख, टोकाकडे मंद. रंगीत पट्टीत पांढरा लावला तर टोकाला तो लालसर दिसतो.
- अख्खी पट्टी एका लयीत चालू-बंद होते, साधारण दर सेकंदाला किंवा दोन सेकंदांनी.
- काही वेळ छान चालते, मग विझते. थंड झाल्यावर पुन्हा लागते.
- वारा आला किंवा हात लागला की लुकलुकते.
- मधलाच तीन किंवा सहा एलईडींचा तुकडा बंद, त्याच्या अलीकडचं-पलीकडचं चालू.
- एका जागेपासून पुढचं सगळं बंद.
- एक रंग गायब, किंवा एक रंग काही केल्या विझत नाही.
- पाऊस पडला किंवा पहाटे दव धरलं की आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप होतो.
- बटण बंद केल्यावरही पट्टीत मंद उजेड राहतो.

पहिल्या चार तक्रारींत पट्टीचा दोष क्वचितच असतो.

आधी प्लग काढा, डोळे आणि नाक वापरा

बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढा. मग अडॅप्टरपासून पट्टीच्या शेवटापर्यंत सगळी लाइन हाताखालून घाला. जळका वास, वितळलेलं प्लास्टिक, पिवळं-तपकिरी पडलेलं कनेक्टर, अडॅप्टरच्या पेटीत पाण्याचे थेंब, उंदराने कुरतडलेली वायर, यातलं काही दिसतंय का बघा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण आग लागायला व्होल्टेज जास्त असण्याची गरज नसते, करंट पुरतो, आणि या पट्ट्या करंट भरपूर ओढतात.

मेन्सच्या बाजूला, म्हणजे प्लग, पिन, एक्स्टेन्शन बोर्ड किंवा अडॅप्टरच्या इनपुटला, काही जळलेलं दिसलं तर इथेच थांबा. पुढच्या तपासण्या तुमच्यासाठी नाहीत.

लेबल वाचा आणि एक गुणाकार करा

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच, आणि हीच कुणी करत नाही. पट्टीच्या रिळावर किंवा पाकिटावर दर मीटरला किती वॅट ते छापलेलं असतं. ५०५० जातीच्या (हा आकडा एलईडीच्या आकाराचा), मीटरला ६० एलईडी असलेल्या पट्टीला साधारण १४.४ वॅट प्रति मीटर लागतात. ५ मीटरचं रीळ म्हणजे ७२ वॅट, १२ व्होल्टला ६ अँपिअर. त्याच घनतेची ३५२८ पट्टी मीटरला ४.८ वॅटच घेते, म्हणजे ५ मीटरला २ अँपिअर. दिसायला दोन्ही जवळपास सारख्या असतात आणि लोडमध्ये तिपटीचा फरक असतो. गेल्या वर्षीचा अडॅप्टर यंदाच्या पट्टीला लावला आणि लुकलुक सुरू झाली, यामागचं कारण बरेचदा हेच.

अडॅप्टर किंवा एसएमपीएस (मेन्सच्या विजेचं १२ किंवा २४ व्होल्ट डीसी करणारा डबा) त्याच्या छापील क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच वापरायचा. ७२ वॅटला ०.८ ने भागलं की ९० येतात, म्हणजे १०० वॅटचा घ्या. ६० वॅटचा लावाल तर तो पट्टी पेटवेलही, पण धापा टाकत.

त्या धापा म्हणजेच दुसरं लक्षण. लोड जास्त झाला की एसएमपीएस स्वतःला वाचवायला आउटपुट बंद करतो, क्षणभर थांबतो, पुन्हा चालू करून बघतो, पुन्हा बंद करतो. म्हणून अख्खी पट्टी एका लयीत उघडझाप करते. खात्री करायची असेल तर अर्धी पट्टी सोडवा. उरलेली अर्धी स्थिर पेटली तर आता ती अर्धी काढून दुसरी अर्धी लावा. दोन्ही अर्ध्या वेगवेगळ्या लावल्यावर नीट चालत असतील तर अडॅप्टर लहान पडतोय. एकच अर्धी लावल्यावरही उघडझाप होत असेल तर तिच्यात कुठेतरी शॉर्ट आहे, आणि मोठा अडॅप्टर आणून तो बरा होणार नाही. उलट जास्त करंट मिळाल्याने तीच जागा जळेल.

व्होल्टेजही जुळवून बघा. २४ व्होल्टची पट्टी १२ वर लावली तर ती पेटत नाही किंवा जेमतेम पेटते, नुकसान होत नाही. १२ व्होल्टची पट्टी २४ वर लावली तर ती सुरुवातीला डोळे दिपतील अशी पेटते आणि मग कायमची जाते.

आता तिसरं लक्षण, काही वेळाने विझणं. पावसापासून वाचवायचा म्हणून अडॅप्टर प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेला असतो. त्यातली गरम हवा बाहेर जात नाही आणि रात्री आतल्या आतच पाणी धरतं, म्हणजे उष्णता आणि ओल दोन्ही कोंडली. बऱ्याच एसएमपीएसची क्षमता आसपासचं तापमान ५० अंशांच्या वर गेलं की उतरत जाते, आणि दिवसभर उन्हात तापलेल्या बंद डब्यात ते सहज होतं. पिशवी काढा. जागा बाहेरचीच असेल तर पूर्ण सीलबंद, धातूच्या अंगाचा आयपी६७ (पाण्याला तोंड देण्याचा दर्जा) एसएमपीएस घ्या आणि तो उघड्या हवेत, सावलीत, जमिनीपासून वर बसवा. त्याचं धातूचं अंगच उष्णता बाहेर टाकतं, म्हणून त्याच्यावर काही गुंडाळू नका. जाळीचा, स्क्रूच्या टर्मिनलचा उघडा एसएमपीएस असेल तर तो घरात किंवा छपराखाली कोरड्या जागीच ठेवा.

आणि हो, रीळ गुंडाळलेलं असताना पट्टी तासभर चालवून "टेस्ट" करू नका. आतले वेढे एकमेकांना तापवतात आणि पट्टी लावायच्या आधीच अर्धी म्हातारी होते.

जॉइंट हाताने दाबून बघा

आता प्लग लावा. डीसीच्या बाजूचे जॉइंट एकेक करून हलकेच दाबा, वाकवा. कुठे दाबल्यावर उजेड उडी मारतो ते बघा. सोल्डर न करता पट्टी नुसती आत सरकवून झाकण लावायचे ते प्लास्टिकचे क्लिप कनेक्टर सगळ्यात आधी तपासा. त्यात तांब्याच्या पॅडवर (पट्टीवरच्या जोडणीच्या ठिपक्यांवर) फक्त पत्र्याची टोकं टेकलेली असतात. घराच्या आत वर्षभर ती चालतात. बाहेर दिवसा ऊन, रात्री थंडी, वर वारा आणि दव, त्यामुळे टोकांखाली काळपट थर धरतो आणि जोड सैल होत जातो. बाहेरच्या कामाला मी ते वापरत नाही, सरळ सोल्डर करतो.

एसएमपीएसच्या स्क्रू टर्मिनलमध्येही बघा. तिथे वायरच्या सुट्या तारा पिळून घातलेल्या असतात किंवा टोक सोल्डरने घट्ट केलेलं असतं. सोल्डर मऊ धातू आहे, स्क्रूच्या दाबाखाली तो हळूहळू दबतो आणि पक्का आवळलेला स्क्रू काही दिवसांत सैल होतो. टोकाला दाबून बसवायची लग (धातूची टोपी) लावा, नाहीतर निदान सणाच्या मध्यावर प्लग काढून स्क्रू पुन्हा आवळा.

गोल पिनचा डीसी जॅक ही तिसरी जागा. ५.५ मिलिमीटरचा तो नेहमीचा जॅक जास्तीत जास्त ५ अँपिअरच्या आसपास करंटसाठी असतो, स्वस्तातला त्याहूनही कमी. त्यातून ६ अँपिअर ओढले की तो तापतो, तापला की सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो. अर्धा तास चालवून प्लग काढा आणि जॅकला बोट लावा. बोट ठेवता येत नसेल तर जॅक काढून टाका आणि वायर थेट जोडा.

मल्टिमीटर: लोड चालू ठेवून चार जागा मोजा

या तपासणीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. इथवर दोष सापडला नसेल तर तो इथे सापडतो. साधा मल्टिमीटर पुरतो.

लोक मोजतात ते पट्टी सोडवून. वायरच्या टोकाला १२.१ व्होल्ट दिसले की म्हणतात, पुरवठा बरोबर आहे. पण करंट वाहत नसेल तर बारीक वायरमध्येही व्होल्टेज पडत नाही आणि गंजलेल्या जॉइंटमध्येही पडत नाही. मल्टिमीटर खरंच सांगतोय, विचारलेला प्रश्न चुकीचा आहे. पट्टी जोडलेली, पूर्ण उजेडात, रंगीत असेल तर पांढऱ्या रंगावर, अशा स्थितीत मोजा:

१. एसएमपीएसच्या आउटपुट टर्मिनलवर
२. पट्टीच्या सुरुवातीला, पट्टीच्याच पॅडवर
३. पट्टीच्या मध्यावर
४. पट्टीच्या शेवटच्या पॅडवर

पहिल्याच जागी १२ च्या ऐवजी ११ च्या खाली आकडा दिसला तर एसएमपीएस कमजोर किंवा लहान आहे. पहिली जागा ठीक आणि दुसरी घसरलेली असेल तर मधली वायर किंवा जॉइंट दोषी. दुसरी ठीक आणि चौथी घसरलेली असेल तर पट्टी एका टोकाने खूप लांब चालवली आहे.

वायरचं गणित एकदा करून बघितलं की डोक्यात बसतं. एसएमपीएस घरात, पट्टी १० मीटरवर गेटला, मध्ये ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. जायचे १० आणि यायचे १०, मिळून २० मीटर तांबं, त्याचा रोध साधारण ०.४६ ओहम. ६ अँपिअरला २.७ व्होल्ट वायरमध्येच संपतात. १२ पैकी पट्टीला पोहोचतात नऊ-सव्वानऊ. (प्रत्यक्षात घट जरा कमी दिसेल, कारण व्होल्टेज पडलं की पट्टी करंटही कमी ओढते.) तीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची घातली तर घट ०.८ व्होल्टवर येते. आणि तेवढ्याच वॅटची पट्टी २४ व्होल्टची असेल तर करंट निम्मा, ३ अँपिअर. मग ०.७५ च्या वायरमध्येही घट १.४ व्होल्ट, तीही २४ मधली. १२ व्होल्टला जे नुकसान २३ टक्के होतं, ते २४ व्होल्टला ६ टक्क्यांच्या आत येतं. नव्याने घेणार असाल आणि अंतर जास्त असेल तर २४ व्होल्टच घ्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

रंगीत पट्टी टोकाला लालसर का होते, तेही याच आकड्यांत आहे. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी एकामागे एक जोडलेले असतात. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास. तीन निळ्यांना मिळून ९ च्या वर लागतात, तीन लालांना ६. टोकाला १० व्होल्टच उरले तर लालाकडे अजून ४ शिल्लक आहेत, निळ्याकडे जेमतेम पाऊण-एक. निळा-हिरवा मरतो, लाल तगतो, पांढऱ्याचा गुलाबी-नारिंगी होतो. एकाच रंगाची पांढरी पट्टी असेल तर ती नुसती मंद पडते.

जॉइंट नेमका कोणता खराब आहे हे शोधायची एक युक्ती आहे. पट्टी चालू ठेवून मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकाच वायरवर लावा, एक जॉइंटच्या अलीकडे आणि एक पलीकडे. प्लसवर किंवा मायनसवर, पण दोन्ही पिना एकाच तारेवर. चांगल्या जॉइंटवर ०.०१-०.०२ व्होल्टच दिसतात. आकडा ०.५ दिसला तर तो जॉइंट गेलाच. ६ अँपिअरला अर्धा व्होल्ट म्हणजे ३ वॅट उष्णता, वाटाण्याएवढ्या जागेत. सुरुवातीला नुसता मंद उजेड दिसतो, नंतर तिथलं प्लास्टिक वितळतं. हे मोजताना क्लिप बोटाने दाबा. आकडा ०.६ वरून ०.०३ वर आला आणि त्याच क्षणी पट्टी उजळली, की पुढे काही सांगायची गरज उरत नाही.

उपाय, सोप्यापासून:

पट्टी लांब असेल तर दोन्ही टोकांनी पुरवठा द्या. एसएमपीएसपासून एक जाड जोडी पट्टीच्या शेवटापर्यंत न्या, प्लसला प्लस, मायनसला मायनस. याचा फायदा वाटतो त्याहून मोठा असतो. पट्टीच्या आतली घट लांबीच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन टोकांनी दिलं की सगळ्यात दूरची जागा मध्यावर येते, अंतर निम्मं होतं आणि घट चौथाई. उलट, ५ मीटरच्या पुढे आणखी ५ मीटर जोडून एकाच टोकाने चालवलं तर घट चौपट होऊ पाहते. म्हणून १२ व्होल्टची पट्टी एका टोकाने ५ मीटरच्या पुढे नेऊ नका. पुढच्या रिळाला मूळ पुरवठ्यापासून स्वतंत्र वायर द्या.

एसएमपीएसवरचा व्होल्टेजचा छोटा स्क्रू फिरवून १२ चे १३ करायचा मोह होतो. टोक उजळतंही, पण जवळच्या एलईडींना जास्त व्होल्टेज मिळतं आणि ते लवकर जातात.

दोन एसएमपीएस वापरत असाल तर त्यांचे प्लस एकमेकांना जोडू नका. दोन तुकड्यांच्या सांध्यावर प्लसची पट्टी तोडा, प्रत्येक तुकडा आपापल्या एसएमपीएसवर. कंट्रोलर (रंग आणि उजेड बदलणारी पेटी) एकच असेल तर मायनस सामाईक ठेवा.

आणि प्रत्येक शाखेला फ्यूज घाला. ३० अँपिअरच्या मोठ्या एसएमपीएसवरून पाच बारीक वायरी काढल्या आणि एकीत शॉर्ट झाला, तर एसएमपीएसच्या हिशेबात तो नेहमीचा लोडच असतो. तो बंद होत नाही, वायर लाल होते. ६ अँपिअरच्या शाखेला गाडीत असतो तसला ७.५ अँपिअरचा फ्यूज पुरतो, आणि तो एसएमपीएसच्या बाजूला बसवायचा, पट्टीच्या बाजूला बसवून उपयोग नाही.

पाणी

पट्टीवर आयपी६५ किंवा आयपी६७ लिहिलंय म्हणून ती बाहेर टिकेल, हे अर्धंच खरं. ६५ म्हणजे पाण्याचा फवारा झेलते, ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालते. पण हे कारखान्यातून आलेल्या अखंड पट्टीबद्दल. तुम्ही ती कात्रीने कापली, सिलिकॉन सोलून वायर जोडली, की तो आकडा त्या टोकापुरता संपला.

उभी टांगलेली पट्टी असेल तर सगळ्यात खालचं टोक बघा. पाणी शिरतं वरच्या कापातून आणि पट्टीवरच्या सिलिकॉनच्या नळीच्या आतून उतरत खाली साचतं. नळी आडवी धरून प्रकाशासमोर हलवली तर आतला थेंब सरकताना दिसतो. दोष खाली दिसतो, भोक वर असतं. आडव्या पट्टीत खिळा, स्टेपल किंवा घट्ट ओढलेला केबल टाय कुठे नळीत रुतलाय का तपासा.

ओला जॉइंट उघडला की दोन पॅड वेगवेगळे दिसतात. मायनसचा पॅड काळवंडलेला, पण जागेवर असतो. प्लसचा हिरवट-निळ्या पावडरखाली खाऊन गेलेला, कधी नुसता डाग उरलेला. डीसी वाहत असताना पाणी मध्ये आलं की प्लसकडचं तांबं विरघळत जातं. म्हणून ओली पट्टी "वाळेल चालू ठेवून" असं म्हणून चालवत राहणं हा सगळ्यात वाईट उपाय. बंद पट्टी ओली राहिली तर कमी बिघडते, चालू असेल तर दोन-चार रात्रीत पॅड जातो.

दुरुस्ती: हिरवं झालेला भाग खरवडून वाचवत बसू नका. कापायच्या खुणेवर, तांबं स्वच्छ दिसेल तिथपर्यंत मागे या. १२ व्होल्टला बहुधा दर तीन एलईडींवर खूण असते, २४ ला दर सहा-सातवर. सोल्डर करा, आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा, टोकाला न्यूट्रल सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वापरू नका. वाळताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि ते तांब्यालाच खातं, म्हणजे पाणी अडवलं आणि गंज आतच कोंडला. पूर्ण वाळल्याशिवाय पट्टी चालू करू नका. शेवटी, अडॅप्टरकडे किंवा डब्याकडे जाणारी वायर आधी थोडी खाली झोल देऊन मग वर घ्या. पाणी झोलाच्या तळातून ठिबकतं, डब्यात जात नाही.

पट्टी खरंच खराब असेल तेव्हा

तीन एलईडींचा एकच तुकडा बंद असेल तर त्यातला एक एलईडी तुटलाय किंवा त्याचं सोल्डर सुटलंय. एकामागे एक जोडलेले असल्याने तिघेही विझतात. लाकडी काडीने एकेक दाबून बघा. पेटला तर सोल्डर, नाही पेटला तर खुणेवर कापून तेवढाच तुकडा बदला.

एका जागेपासून पुढचं सगळं बंद असेल तर बंद भागाच्या अगदी सुरुवातीला बघा. ५ मीटरची पट्टी कारखान्यात अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे जोडून बनते, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. ते सांधे जरा जाड दिसतात. कोपऱ्यावर वळण नेमकं तिथे आलं की सांधा तुटतो. लावताना वळण सांध्यापासून दूर ठेवा आणि पट्टी आडवी मुरडू नका, फक्त तिच्या सपाट बाजूला वाकवा.

एक रंग गायब असेल तर कंट्रोलरच्या आउटपुटला त्या रंगाची वायर दुसऱ्या रंगाच्या जागी लावून बघा. दोष वायरबरोबर हलला तर वायर किंवा पट्टी, जागेवर राहिला तर कंट्रोलर. विझतच नसलेला रंग बहुधा कंट्रोलरच जळाल्याचं लक्षण. दर रंगाला किती अँपिअर चालतात हे त्याच्यावर छापलेलं असतं.

एकेक एलईडी वेगळा चालणारी ५ व्होल्टची डब्ल्यूएस२८१२बी पट्टी असेल तर घटीचं दुखणं तिला सगळ्यात जास्त. पूर्ण पांढऱ्यात एक एलईडी ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो, ३०० एलईडींचे १८ अँपिअर. उजेड कंट्रोलरमधून खाली आणा, सजावटीला तेवढा पुरतो. पट्टीवर छापलेला बाण कंट्रोलरकडून बाहेर जाणारा हवा आणि कंट्रोलर व पट्टीचा मायनस एक हवा. रंग वेडेवाकडे येत असतील तर सिग्नल बघा. या चिपला पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्टचा सिग्नल लागतो आणि ३.३ व्होल्टचा कंट्रोलर त्याच्या काठावर असतो. लेव्हल शिफ्टर (सिग्नलचं व्होल्टेज वाढवणारी चिप) घाला. पुढचं सगळं बंद असेल तर पहिला बंद एलईडी आणि त्याच्या आधीचा शेवटचा चालू एलईडी, दोन्ही संशयित.

आरसीसीबी ट्रिप होतो तेव्हा

इथे लोक पट्टी बदलतात आणि ते अगदीच निरुपयोगी आहे. चांगल्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टची बाजू मेन्सपासून पूर्ण वेगळी असते, त्यामुळे पट्टी ओली झाली म्हणून आरसीसीबी ट्रिप होत नाही. गळती मेन्सच्या बाजूला आहे: प्लग, उघड्यावर पडलेला एक्स्टेन्शन बोर्ड, वायर अडॅप्टरमध्ये शिरते ती जागा, किंवा अडॅप्टरच्या आत पाणी.

तुम्ही करायचं ते एवढंच. सगळं कोरडं असताना, कोरड्या हाताने, प्लग काढा. आरसीसीबी चालू राहतो का बघा. राहत असेल तर एकेक अडॅप्टर, पट्टी न जोडता, घरातल्या कोरड्या सॉकेटला लावा. ज्याने ट्रिप होतो तो बाद. तो उघडू नका, वाळवून पुन्हा वापरू नका.

बरेच एसएमपीएस एकाच आरसीसीबीवर असतील तर दोष नसतानाही ट्रिप होऊ शकतो. प्रत्येकातून थोडी गळती अर्थिंगकडे जातेच आणि ती बेरीज होत जाते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. लोड वेगवेगळ्या सर्किटवर विभागा. आरसीसीबी काढून थेट जोडणी करून देणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

इथे थांबा, इलेक्ट्रिशियन बोलवा

- पट्टी, अडॅप्टर सगळं काढलं तरी आरसीसीबी किंवा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) पडतो.
- कठड्याला, गेटला, पाइपला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. अशा वेळी काहीही मोजायला जाऊ नका, मुख्य स्विच बंद करा.
- सॉकेट गरम लागतं, काळं पडलंय, त्यात प्लग घालताना ठिणगी दिसते.
- अर्थिंग नाही किंवा आहे की नाही याची खात्री नाही.
- बाहेर नवा पॉइंट काढायचाय किंवा एसएमपीएसला मेन्स पक्की जोडायचीय.
- बटण बंद असूनही पट्टी मंद पेटते. बहुधा बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतंय, म्हणजे बटण बंद असताना पुढच्या वायरींत वीज जिवंत आहे.
- थेट मेन्सवरच्या पट्टीला कसलाही दोष. तिच्या सिलिकॉनच्या आत अख्खं मेन्स व्होल्टेज असतं. वरचं आवरण फाटलं असेल तर तिची दुरुस्ती होत नाही, ती टाकून द्यायची. चिकटपट्टी लावून पुन्हा कमानीवर चढवायची नाही.

इलेक्ट्रिशियन आला की त्याला पट्टीचे वॅट, अडॅप्टरवरचे अँपिअर, वायरची जाडी आणि लांबी, आणि चार जागांचे लोडवरचे आकडे लिहून द्या. ट्रिप होत असेल तर तो पावसात होतो की पहाटे, आणि कोणता अडॅप्टर काढल्यावर थांबतो, तेही लिहा.